केशराची गोल्टी

गोल्टी म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोठा कांदा एका भावाने जातो, बारका कांदा, म्हणजे गोल्टी, वेगळ्या भावाने. लहानपणी दिंडोरीच्या खळ्यावर मी स्वतः गोल्टी निवडायला बसलोय. तरीही गेल्या वर्षी मी 100 किलो केशराची गोल्टी किलोला 1400 रुपये मोजून घेतली.

अंबडच्या कंपनीतून निवृत्त झालो, पाथर्डी फाट्याच्या घरावर 10 बाय 12 ची खोली रिकामी होती. ‘बंद खोलीत केशर’ असं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, फी 5000. हॉटेलच्या हॉलमध्ये काश्मीरातल्या पांपोरच्या जांभळ्या केशरशेतांचे फोटो, खाली आकडा: 100 किलो कंदांतून वर्षाला किलोभर केशर, आणि माल प्रशिक्षण देणारेच विकत घेणार. तसा करार 500 च्या स्टॅम्पवर. निघताना प्रत्येकाला केशराची एक पुडी भेट.

तो आकडा घरी येऊन कागदावर मांडला असता तर तिथेच थांबलो असतो. एका फुलात केशराच्या तीनच काड्या असतात. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला साधारण 150 फुलं लागतात, म्हणजे किलोला दीड लाख. दहा ग्रॅमचा कंद धरला तर 100 किलोत 10,000 कंद. प्रत्येकाने दोन फुलं दिली (सगळे देत नाहीत) तरी 20,000 फुलं, म्हणजे 133 ग्रॅम. किलो कुठून येणार?

ऑगस्टअखेर पोती आली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दहा कंद टाकले, 45 ग्रॅम भरले. प्रशिक्षण देऊन कंद विकणाऱ्याला मी फोन केला. तो म्हणाला, “काका, किलोला कंद जास्त बसले म्हणजे फुलं जास्त. उलट तुमचाच फायदा!”

आणि मला ते पटलं. लिहिताना लाज वाटते, पण पटलं. खरं तर केशराचा कंद साधारण आठ ग्रॅमच्या पुढे गेला तरच भरवशाने फुलतो. फुलोऱ्यापर्यंत त्याला माती लागत नाही, खत लागत नाही, तो स्वतःच्या साठ्यावर फुलतो. साठाच नसेल तर नुसती पाती येते. बारक्या कंदाला आधी जमिनीत एखादा हंगाम पोसावं लागतं. म्हणजे मी फुलांचे पैसे देऊन रोपवाटिकेचा माल उचलला होता.

रॅक, ट्रे, ह्युमिडिफायर आणि जांभळे एलईडी दिवे मिळून आणखी 1,10,000 गेले. सगळं त्याच्याचकडून. दिवे पात्यांना पुढे उपयोगी पडतात, पण तेव्हा खोलीत एकही पात नव्हती.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कंदांच्या सालीवर निळसर बुरशी दिसली. त्याने सांगितलं, ओलावा कमी पडतोय, ट्रेवर रोज पाणी फवारा. फवारलं. आठ दिवसांत खालचे दोन रॅक मऊ पडले, बोट दाबलं की आत जायचं, आणि खोलीला चाळीत सडलेल्या कांद्याचा वास. हवा दमट हवी आणि कंद कोरडा, हे दोन वेगळे विषय आहेत हे मला कोण सांगणार? मग 1800 रुपयांची ‘खास औषधा’ची बाटली आली, लेबल नसलेली. कंद ट्रेत मांडण्याआधीच कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून सावलीत वाळवायचे असतात, हे भावाने आल्या आल्या सांगितलं. द्राक्षवाल्याच्या घरात ते औषध नवं नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं, कारण मला त्याला एकदम केशर दाखवायचं होतं.

भावाने सडके कंद वेचून काढले, उरलेल्यांची सैल सालं सोलली, पंखा लावला. सड थांबली. तोवर निम्मा माल उकिरड्यावर गेला होता. प्रत्येक वेळी चूक मात्र माझीच निघायची: कधी एसी, कधी गेलेली वीज, कधी “काका, तुम्ही दार फार उघडता.”

कोजागिरीला हिने ती भेटीची पुडी दुधात टाकली. दूध लगेच लालभडक, काड्या पांढऱ्या. अस्सल केशर सावकाश सुटतं, रंग पिवळसर येतो आणि काडी बराच वेळ लालच राहते. दोघंही पातेल्याकडे बघत बसलो.

नोव्हेंबरमध्ये 11 फुलं आली. 33 काड्या. करारात बारीक अक्षरांत होतं की ‘अ दर्जाचा’ माल घेऊ आणि दर्जा तेच ठरवतील, पण तिथवर गोष्ट गेलीच नाही, फोनच बंद झाला. पैसे ऑनलाइन दिले होते म्हणून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण उशिरा. हा नंबर पहिल्या काही तासांत फिरवला तर पैसे अडवता येण्याची आशा असते. वकील म्हणाले, ग्राहक आयोगात ‘व्यापारी हेतू’चा मुद्दा निघेल, स्वयंरोजगारासाठी घेतलं हे दाखवावं लागेल. पावत्या जपल्यात. दिव्यांची पावती त्याने दिलीच नव्हती.

फेब्रुवारीत नव्या नंबरवरून फोन आला, आवाज तोच. “काका, खोली तयारच आहे ना? मेडिकल हेम्प लावा, लायसन्स आमचं.” हेम्प म्हणजे गांजाचंच झाड, आणि त्याची विनापरवाना लागवड 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. परवानगी द्यायचा अधिकार राज्य सरकारचा, ती कुणाच्या खिशातून मिळत नाही. उत्तराखंडने 2018 मध्ये औद्योगिक हेम्पला वाट करून दिली, त्याच बातमीचं कात्रण हा व्हॉट्सअॅपवर पाठवत होता. नाशिक काही उत्तराखंडात नाही. केशरात पैसे गेले, यात मी गेलो असतो.

मी विचारलं, “बियाणं एका किलोत किती बसतं?”

“भरपूर, काका!” तो म्हणाला. कॉल रेकॉर्ड करून पोलिसांकडे दिलाय.