गणपती ते आंबे: खडकांत वापरलेलं आयनॅचरलिस्ट

आयनॅचरलिस्ट हे ॲप मी गणपती होऊन गेल्यावर फोनवर घेतलं. आता कलमांवरचे आंबे उतरायला लागलेत, म्हणजे वापर बऱ्यापैकी झाला. पहिल्या आठवड्यातलं कौतुक ओसरल्यावर काय उरतं, ते कुणी मराठीत लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे. ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्नच येत नाही. वेळ मात्र खातं, आणि चांगलाच खातं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. झाड, किडा, पक्षी, बुरशी, खेकडा, जे दिसेल त्याचा फोटो काढायचा, कुठे आणि कधी दिसलं ते जोडायचं आणि टाकायचं. संगणक नाव सुचवतो, मग जगात कुठे कुठे बसलेली माणसं येऊन ते नाव बरोबर की चूक ते सांगतात. २००८ साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून हे सुरू झालं, फोटोवरून नाव सुचवायची सोय २०१७ला आली, आणि २०२३पासून आयनॅचरलिस्ट ही स्वतंत्र ना-नफा संस्था आहे.

निकाल आधीच सांगून टाकते. फुलपाखरं, पक्षी, रस्त्याकडेची झाडं यांच्यासाठी ॲप फर्मास. परसात निलवंत आलं, कसाबसा एक हललेला फोटो मिळाला, तरी नाव क्षणात. आपलं राज्य फुलपाखरू ते, फोटोंना काय तोटा! पण मी हे घेतलं ते ओहोटीला खडकांत दिसणाऱ्या जिवांसाठी, आणि तिथे संगणकाची मदत जेमतेम. तरीही आजच्या घडीला माझ्या खात्यावर सगळ्यात जास्त नोंदी खडकांतल्याच आहेत. का, ते पुढे येईल.

मी मालवणात राहते. नोकरी बैठी, दिवसभर समोर आकडे. रॉक गार्डनच्या खालचे खडक घरापासून फार लांब नाहीत. ओहोटीची वेळ बघायला सुरुवातीला आणखी एक ॲप घेतलं होतं, ते काढून टाकलं, कारण सासऱ्यांचा हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यात सहा तास आणि वर दहा-पंधरा मिनिटं मिळवली की ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण कालनिर्णय भिंतीवर असतंच. यातली गंमत अशी की अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला येते, सुट्टीच्या दिवशी अगदी सोयीची, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी, पाणी फारसं मागे जातच नाही. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची ओहोटी पहाटे साडेपाचला किंवा संध्याकाळी. थंडीत पहाटे साडेपाचला काळोख असतो, आणि बॅटरीच्या उजेडात काढलेले फोटो बहुतेक फुकट जातात. म्हणून मी पौर्णिमा-अमावास्येपेक्षा द्वितीया धरते. पाणी जवळपास तितकंच आटलेलं असतं आणि ओहोटी सकाळी साडेसात-पावणेआठला. फिरून, आंघोळ करून कामावर वेळेत पोचता येतं.

आता खडकांत हे ॲप नेमकं कसं वागतं ते.

एका खळग्यापाशी गुडघ्यावर बसले होते. खळगा ताटाएवढा. तळाशी बोटाच्या पेरापेक्षा लहान एक शंख, शेवाळाने हिरवा झालेला. बघता बघता तो तिरका होऊन चालायला लागला. खालून दोन-तीन नारिंगी पाय आले, मग एक नांगी, दुसरीपेक्षा मोठी, आणि त्यामागे देठांवर बसवलेले दोन डोळे. मी जरा हलले तर सगळं आत, आणि मोठ्या नांगीने दार बंद. म्हणजे गोगलगायीच्या रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. फोटोत मात्र शंखच मोठा दिसणार, आणि संगणकाला जे दिसतं त्याच्यावरून तो गोगलगायींची यादी देणार, हे ओघाने आलंच. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने खाली लिहिलं होतं: शंख एका जिवाचा, राहणारा दुसरा, तेव्हा याच फोटोच्या दोन नोंदी करा, आणि नांगीचा जवळून फोटो असेल तर जोडा, डावी मोठी की उजवी यावरून कुळ ठरायला मदत होते. तेव्हापासून माझ्या फोटोंमध्ये नांग्याच नांग्या.

या ॲपवर मी टिकले ती अशा माणसांमुळे. बाकीच्या सोशल मीडियावर मी फोटो टाकला की खाली येतं, "वा, मस्त गं", "कुठे फिरतेस", "आम्हाला कधी बोलावतेस". इथे येतं, "पोटाकडून फोटो आहे का?" किंवा "मुंग्यांसारखं जे बाजूला दिसतंय ते काय आहे?" मी कशी दिसते, कुणाबरोबर गेले होते, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. आवडलेल्या नोंदीला चांदणी लावता येते, पण त्या चांदणीवर काहीच ठरत नाही. ठरतं ते एवढ्यावर: ओळख देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोकांचं जातीपर्यंत एकमत झालं, आणि फोटो, तारीख, ठिकाण धड असलं, की नोंद "रिसर्च ग्रेड" होते. तुम्ही लायसन्स परवानगीचं ठेवलं असेल तर तिथून ती जीबीआयएफ नावाच्या आंतरराष्ट्रीय साठ्यात जाते, जिथून अभ्यासक माहिती उचलतात. एकमत झालं नाही तर नाव वर सरकतं, जातीवरून प्रजातीवर (जीनस), तिथून कुळावर. माझी काही समुद्रफुलं (सी ॲनिमोन) दिवाळीपासून नुसती "समुद्रफूल" म्हणून पडून आहेत. ज्यांना लगेच उत्तर हवं असतं त्यांनी या भानगडीत पडू नये. फुलपाखराला तासाभरात ओळख मिळते, खडकावरच्या लिबलिबीत गोळ्याला महिने लागतात, आणि कधी मिळतही नाही.

संगणक इथे का अडखळतो त्याचं कारण साधं आहे. एखाद्या जातीचे साधारण शंभर तरी फोटो असल्याशिवाय ती त्याला शिकवतच नाहीत. आमच्या किनाऱ्यावरून फोटो टाकणारे किती? पर्यटक येतात ते स्कूबाला, डॉल्फिनला आणि किल्ल्याला. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, पण ओहोटीला वाकून खळग्यात बघणारं माणूस कालवं काढणाऱ्या बायका सोडल्या तर विरळाच. मुंबईत २०१७पासून "मरीन लाइफ ऑफ मुंबई"वाले लोकांना ओहोटीला किनाऱ्यावर फिरवून आणतात, त्यांच्या नोंदींशी आपलं ताडून बघायला फार उपयोग होतो. पण मुंबईला पाणी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त मागे जातं, किनाराही वेगळा, त्यामुळे सगळंच जुळेल असं नाही. नाव सुचवताना "जवळपास आढळणारे" ही गाळणी चालूच ठेवा. ती काढली तर कॅलिफोर्नियातले जीवही यादीत येऊन बसतात. आणि जातीची खात्री नसेल तर सरळ "खेकडे" किंवा "समुद्रफुलं" एवढंच लिहून सोडा. पहिलं सुचवलेलं नाव डोळे मिटून टिचकवण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं, कारण तसं नाव दुसऱ्याने तसंच डोळे मिटून मान्य केलं तर ती चूक पुढे साठ्यात जाते.

कालवं काढणाऱ्या बायकांवरून आठवलं. एक काकी नेहमी भेटतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "काय गो, दगडाचे फोटो काढून काय करतलंस?" मी स्क्रीन दाखवली. त्यांना फोटोत फारसा रस नव्हता. पण मी जिथे पाय टाकणार होते तिथे बोट दाखवून म्हणाल्या, "तां हिरव्या बटणासारख्या दिसता मां, त्येच्यार पाय ठेव नको, घसरतलंस." ती बटणं म्हणजे झोआन्थस, समुद्रफुलांची भावंडं, खडकावर चटई अंथरल्यागत पसरतात. त्यांच्या काही नातलगांत फार जहाल विष असतं, म्हणून हात लावू नये हे मी नंतर वाचलं. नक्षीदार शंकूच्या आकाराचे शंखही उचलू नयेत, आतला जीव विषारी काटा मारतो. ॲप यातलं काहीही आपणहून सांगत नाही. नाव देऊन मोकळं होतं.

सामानाबद्दल. साधा फोन पुरतो. छोट्या जिवांसाठी फोनला लावायची चिमट्याची भिंग ऑनलाइन मागवली. भिंग ठीक होती, चिमट्याची स्प्रिंग खाऱ्या हवेने महिन्या-दोन महिन्यांत गंजून तुटली. आता तीच भिंग रबरबँडने बांधते, काम होतं. खरी उपयोगाची वस्तू म्हणजे छत्री. पाण्यावर तिची सावली धरली की आभाळाची चमक जाते आणि तळ लख्ख दिसायला लागतो. दगड उलटला तर परत होता तसाच, त्याच बाजूने ठेवा, खाली राहणारे जीव उन्हात मरतात. आणि काही उचलून घरी आणू नका. पोवळी, समुद्रकाकडी आणि बऱ्याच शंखांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे.

घरच्यांना आता सवय झाली आहे. माहेरचे लोक व्हॉट्सॲपवर काय काय पाठवतात, "हे टाक तुझ्या त्यात". पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतून तारीख आणि ठिकाण पुसलेलं असतं, ते विचारून हाताने भरावं लागतं. शिवाय फोटो दुसऱ्याने काढलेला, तेव्हा त्यांनाच खातं उघडायला सांगणं बरं. बाजारातल्या मासळीचंही तसंच. टोपलीत पडलेला सौंदाळा कुठल्या पाण्यात मिळाला ते कळल्याशिवाय नोंदीला अर्थ नाही. यावर नवऱ्याचा शेरा: "बांगड्याचो फोटो काढतंस की तळतंस?"

जागा दाखवण्याबद्दल मात्र मी गंभीरपणे सांगते, विशेषतः बायकांना. नोंद उघडी ठेवली तर ठिकाण मीटरमध्ये दिसतं. परसातल्या जास्वंदीवरच्या किड्यांचे फोटो टाकत राहिलात तर तुमचं घर नकाशावर उमटतं. आणि दर द्वितीयेला सकाळी साडेसातला एक बाई एकटी कुठल्या खडकात असते, तेही कुणालाही वाचता येतं. "ऑब्स्क्युअर्ड" हा पर्याय निवडला की नेमकी जागा लपते, ठिपका ०.२ अंशाच्या चौकटीत, म्हणजे साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या आत कुठेतरी टाकला जातो, आणि तारखेऐवजी फक्त महिना दिसतो. धोक्यातल्या अनेक जातींची जागा ॲप स्वतःच झाकतं, पण सगळ्यांची नाही. सीतेची वेणी (झाडांवर वाढणारं ऑर्किड) फुललेलं झाड दिसलं तर मी ठिकाण हमखास झाकते. ती झाडावरून उतरवून बंगल्याच्या दारात टांगणारे लोक आहेत. झाकलेल्या नोंदींमुळे माझी काही समुद्रफुलं नकाशावर डोंगरात गेली आहेत, काही भर अरबी समुद्रात. अभ्यासकाला यात अडचण होते हे मान्य, पण कुणी कारण सांगून विचारलं तर मी सांगते.

मुलगी सहावीत आहे. तेरा वर्षांखालच्यांना आयनॅचरलिस्टवर पालकांच्या परवानगीशिवाय खातं काढता येत नाही, म्हणून तिला त्याच लोकांचं "सीक" दिलं. त्यात खातं लागत नाही, कॅमेरा समोर धरला की नाव येतं आणि बॅज मिळतात. तिला नावांपेक्षा बॅजची हौस जास्त. पण चिवल्याच्या किनाऱ्यावर निळी बटणं वाहून आली होती तेव्हा तिनेच मला थांबवून दाखवली. रुपयाएवढी चकती, कडेने निळ्या झालरी. जेलीफिश वाटते, पण तो प्रत्यक्षात एकत्र राहणाऱ्या बारक्या जिवांचा संसार असतो. तिच्या वर्गात हे सांगितल्यावर कुणाला पटलं नाही, म्हणून फोटो शाळेत नेला.

सेटिंगमधल्या दोन गोष्टी पहिल्याच दिवशी बघा. एक, "आपोआप अपलोड" बंद करा. खडकांत रेंज येते-जाते, बॅटरी त्यातच संपते. फोटो नुसते साठवा आणि घरी वायफायवर निवांत टाका, निवडून. दोन, नोंदींचं आणि फोटोंचं लायसन्स. ते नावाचा उल्लेख करून, धंद्यासाठी नाही, अशा अटीवर आधीच लावलेलं असतं. ते चालत नसेल तर बदला, पण नोंदीचे सगळे हक्क राखून ठेवलेत तर ती जीबीआयएफकडे जात नाही. मी होतं तसंच ठेवलं आहे.