मास्क तोच, सल्ला फिरता: कापडी, सर्जिकल आणि एन९५ यांचं परीक्षण

पाकिटावर छापलेला आकडा गाळणीच्या कापडाचा असतो, तोंडावर बसलेल्या मास्कचा नसतो. कोविडच्या काळात आरोग्य यंत्रणांचा सल्ला इतक्या वेळा फिरला की लोकांचा त्यावरचा विश्वास उडाला. गंमत म्हणजे या सगळ्या वादात चर्चा झाली ती कापड कुठलं याची. मास्क आणि गाल यांच्यामधल्या फटीबद्दल फार थोडे बोलले, आणि निम्मा निकाल ती फटच लावते. म्हणून इथे कापडी, सर्जिकल आणि एन९५ या तिन्ही प्रकारांना त्याच कसोटीवर घासलं आहे. कुठल्या मास्कबद्दल कधी काय सांगितलं गेलं आणि त्यातलं काय टिकलं, तेही सोबत आहे.

आधी सल्ल्याचं पाहू, कारण त्याशिवाय मास्ककडून नेमकं कोणतं काम हवं हे कळत नाही. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था, दोघांचंही म्हणणं होतं की निरोगी माणसाने बाहेर मास्क लावायची गरज नाही. २९ फेब्रुवारीला अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे जनतेला आरोग्याचा सल्ला देणाऱ्या तिथल्या प्रमुख सरकारी डॉक्टरांनी, तर लोकांना मास्क विकत घेणं थांबवा असं जाहीर आवाहन केलं. यात दोन कारणांची सरमिसळ होती. एक खरं होतं: रुग्णालयांना माल पुरत नव्हता. दुसरं होतं सामान्य माणसाला मास्कचा उपयोग नाही, हे. ते मांडताना आजार मुख्यतः खोकणाऱ्या रुग्णाच्या मोठ्या थेंबांतून पसरतो असं धरलं होतं. सामान्य माणसाला निरुपयोगी आणि डॉक्टरांना अत्यावश्यक, ही विसंगती लोकांच्या लगेच लक्षात आली. तुटवडा आहे एवढंच सरळ सांगितलं असतं तर पुढचा बराच अविश्वास टळला असता.

३ एप्रिल २०२० ला सीडीसीने भूमिका बदलून कापडी मास्क लावा असं सांगितलं. लक्षणं दिसण्याआधीच, आणि कधी लक्षणांशिवायही, माणूस संसर्ग पसरवतो हे तोवर स्पष्ट झालं होतं. जागतिक आरोग्य संघटना ५ जूनला त्याच वाटेवर आली. या वळणावर मास्कचं कामच बदललं. आधी प्रश्न होता मला वाचवेल का, आता झाला माझ्या तोंडातून निघणारं अडवेल का. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिल्या कामात कच्चा असलेला मास्क दुसऱ्यात बऱ्यापैकी चालतो.

कापडी मास्क. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये दिलेली रचना आजही घरी शिवण्यासाठी सगळ्यात चांगली आहे: आतला थर पाणी शोषणारा, म्हणजे सुती, मधला न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनचा, बाहेरचा पाणी न शोषणारा, पॉलिस्टर किंवा पॉलिस्टरमिश्रित. आतला थर श्वासाची वाफ धरतो, मधला कण अडवतो, बाहेरचा दुसऱ्याचे तुषार आत जिरू देत नाही. थरांचा क्रम उलटा झाला, किंवा तिन्ही थर सुतीच घेतले, तर मास्क लवकर ओला होतो. ओल्या कापडातून हवा जाईना की ती कडेच्या फटीतून जाते. ताणलं जाणारं बनियनचं कापड टाळा, ताणल्यावर त्याची छिद्रं उघडतात. साधी चाचणी: मास्क तेजस्वी दिव्यासमोर धरा. धाग्यांमधून उजेड ठिपक्यांसारखा दिसला तर वीण विरळ आहे. नाकावर तारेची पट्टी नसेल तर शिवण कितीही सुबक असली तरी तो मास्क घेऊ नका.

धुणं रोजचं. साबण आणि किमान ६० अंश सेल्सिअसचं पाणी. ते जमत नसेल तर साध्या पाण्यात साबणाने धुऊन मग एक मिनिट उकळणं. हळूहळू इलॅस्टिक सैलावतं आणि कापड आटतं, त्यामुळे महिन्याभरापूर्वी नीट बसणारा मास्क आज हनुवटीवरून वर सरकतो.

निकाल? स्वतःच्या बचावासाठी कापडी मास्क शेवटचा पर्याय. हे कोविडच्या आधीपासून ठाऊक होतं. व्हिएतनाममधल्या रुग्णालयांत झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कापडी मास्क वापरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना फ्लूसदृश आजार वैद्यकीय मास्क वापरणाऱ्यांपेक्षा जास्त झाले. त्यातल्या कापडी मास्कमधून प्रयोगशाळेत जवळजवळ ९७ टक्के कण आरपार गेले. एकपदरी रुमाल किंवा ओढणी याहून वेगळी नसते.

सर्जिकल मास्क. याचे तीन पदर दिसायला सारखे, पण गाळण्याचं काम मधला एकटा करतो. तो मेल्टब्लोन पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिक वितळवून हवेच्या झोतात अतिशय बारीक तंतूंत ओढलेला असतो. कात्री घेऊन एक मास्क कापून बघा. मधला थर कागदी, विरळ किंवा गायबच असेल तर ती पेटी फक्त दाखवायची आहे. पाकिटावर एएसटीएम एफ२१०० या अमेरिकी मानकाची लेव्हल १, २ किंवा ३, अथवा युरोपच्या ईएन १४६८३ मानकाचं टाइप २ असं काही असावं. लेव्हल १ ला जिवाणू अडवण्याची क्षमता किमान ९५ टक्के, २ आणि ३ ला ९८ टक्के लागते. लेव्हल २ आणि ३ मधला मुख्य फरक रक्ताचा फवारा आत न जिरण्याचा आहे, आणि रुग्णालयाबाहेर त्याला अर्थ नाही. लेव्हल ३ साठी जास्त पैसे मोजू नका.

आता त्या ९८ टक्क्यांचं. ही चाचणी सुमारे ३ मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंबांवर होते आणि मास्कचा कपडा यंत्रात घट्ट आवळलेला असतो. तोंडावर मात्र दोन्ही गालांशी लूप ओढले की बाजूच्या चुण्या फुलतात आणि कानांकडे दोन बोळकांड्या तयार होतात. हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. चष्म्यावर वाफ येत असेल तर नाकाशी गळती आहे, हे वेगळं तपासायला नको.

सीडीसीने १० फेब्रुवारी २०२१ ला प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे फार उपयोगी पडतात. पुतळ्याला खोकायला लावून मोजलं तेव्हा साध्या सर्जिकल मास्कने ५६.१ टक्के कण अडवले, कापडी मास्कने ५१.४. सर्जिकलवर कापडी चढवला तर ८५.४ टक्के. एकाच सर्जिकल मास्कला गाठ मारून कडा आत खोचल्या तर ७७. कापड तेच, फट बुजली एवढाच फरक. आमच्या मते त्या सबंध काळात सामान्य माणसाला मिळालेला हा सगळ्यात कामाचा सल्ला होता, आणि सगळ्यात कमी लोकांपर्यंत पोचला.

गाठ अशी मारायची: मास्क आडवा मधोमध दुमडून वरची आणि खालची कड एकमेकीवर आणा. प्रत्येक कानाच्या लूपला मास्कच्या कडेला अगदी चिकटून गाठ मारा, अर्धा इंच सोडून नको. उघडल्यावर दोन्ही बाजूंना चुणीचं छोटं तोंड दिसेल, ते आत ढकलून सपाट करा. लावून झाल्यावर नाकपट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत न्या. यामुळे मास्क लहान होतो. मोठ्या चेहऱ्यावर हनुवटी उघडी पडत असेल तर गाठीचा नाद सोडून वरून कापडी मास्क चढवा. दोन सर्जिकल एकावर एक लावू नका: फट तशीच राहते, श्वास मात्र जड होतो. एन९५ किंवा केएन९५ वरही दुसरा मास्क नको.

मोठ्या लोकसंख्येवरचा पुरावाही याच मास्कच्या बाजूने आहे, पण माफक. बांगलादेशातल्या ६०० गावांच्या चाचणीत योग्य मास्कवापर सुमारे १३ वरून ४२ टक्क्यांवर गेला. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत रक्ततपासणीने सिद्ध झालेले लक्षणांसह संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी घटले, साठीच्या पुढच्यांत सुमारे ३५ टक्क्यांनी. कापडी मास्कच्या गावांत मात्र ठाम म्हणता येईल असा फरक दिसला नाही.

एन९५ आणि त्याची भावंडं. एन९५ हे अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचं मानांकन: मिनिटाला ८५ लिटर हवा ओढून ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या मिठाच्या कणांपैकी किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. विषाणू तर याहून लहान, मग तो कसा अडेल, ही शंका नेहमी येते. पण हा थर चाळणीसारखा चालत नाही. मोठा कण वळण घेऊ न शकल्याने तंतूवर आदळतो, अगदी लहान कण हवेत थरथरत भरकटतो आणि तंतूला चिकटतो. मधल्या मापाचा सगळ्यात निसटता, म्हणून चाचणी त्याच्यावर. शिवाय तंतूंवर कायमचा विद्युतभार दिलेला असतो, तो कण ओढून घेतो. मास्क हलका असूनही इतका गाळतो तो या भारामुळे. म्हणूनच एन९५ साबणाने धुतला किंवा त्यावर अल्कोहोल फवारलं की दिसायला नवा राहतो आणि आतून मरतो.

युरोपचा एफएफपी२ किमान ९४ टक्के गाळतो, पण ईएन १४९ या मानकात माणसांच्या चेहऱ्यावरची एकूण गळतीही मोजतात. नायॉशच्या मंजुरीत ती मोजत नाहीत, कामाच्या ठिकाणी प्रत्येकाची वेगळी फिट टेस्ट, म्हणजे मास्क त्याच्या चेहऱ्यावर नीट बसतो का याची तपासणी, व्हावी असं तिथे गृहीत आहे. कोरियाचा केएफ९४ नावेच्या आकाराचा, बहुधा कानावरचा, आणि लहान चेहऱ्यांवर आश्चर्य वाटेल इतका नीट बसतो. चीनचा केएन९५ कागदावर तोडीस तोड, पण बनावट मालाचा सुळसुळाट याच नावाने सर्वाधिक झाला.

बनावट ओळखायला मास्कच्या अंगावर वाचा. नायॉशच्या मंजुरीचा टीसी-८४ए ने सुरू होणारा क्रमांक, उत्पादकाचं नाव, मॉडेल आणि लॉट क्रमांक हवेत. डोक्यामागच्या पट्ट्यांऐवजी कानाचे लूप असतील तर तो नायॉश-मंजूर एन९५ नाही. लहान मुलांसाठी नायॉश-मंजूर असं लिहिलं असेल तर नक्कीच खोटं, कारण नायॉश मुलांच्या मास्कला मंजुरी देतच नाही. एफएफपी२ वर सीई या युरोपच्या मानकखुणेनंतर चार अंकी क्रमांक असतो. नुसतं सीई पुरेसं नाही.

लावताना मास्क तळहातात धरून आधी हनुवटीखाली बसवा. वरचा पट्टा डोक्याच्या मागे उंच, खालचा कानांखालून मानेवर. दोन्ही एकमेकांना छेदू देऊ नका. नाकपट्टी एका हाताच्या चिमटीत दाबली तर मध्ये टोक येऊन दोन्हीकडे फट राहते, म्हणून दोन्ही हात. मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा: डोळ्यांकडे किंवा गालाशी हवा लागली तर पुन्हा बसवा. श्वास आत ओढला की मास्क किंचित आत खेचला गेला पाहिजे. कडेखाली दाढी आली की हे सगळं व्यर्थ. काढताना आधी खालचा पट्टा, मग वरचा, समोरच्या भागाला हात न लावता.

झडपेच्या मास्कची कहाणी सल्ल्यांच्या गोंधळाचा उत्तम नमुना. झडपेतून उच्छ्वास न गाळता बाहेर येतो म्हणून २०२० मध्ये ते वापरू नका असं सांगितलं गेलं, आणि कारण तर्कशुद्ध होतं. डिसेंबर २०२० मध्ये नायॉशने मोजून पाहिलं तर झडपेचा एन९५ बाहेर जाणारे कण सर्जिकल किंवा कापडी मास्कइतके तरी अडवतो असं निघालं. तरी पर्याय असेल तर बिनझडपेचाच घ्या.

पुनर्वापराचा नियम तुटवड्यातून आला: पाच मास्क आळीपाळीने, वापरलेला कागदी पिशवीत किमान पाच दिवस, आणि एक मास्क साधारण पाच वेळाच लावायचा. पाचाची मर्यादा पट्ट्यांमुळे. गाळणी टिकते, पण दर वेळी ताणल्याने पट्टे ढिले होतात आणि मास्क चेहऱ्यावर दाबून बसत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर ओल आत कोंडते.

इतका सरस मास्क, तर सल्ल्यात तो कधी आला? विषाणू हवेतल्या सूक्ष्म कणांतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने आणि सीडीसीने आपल्या माहितीपत्रकांत स्पष्टपणे लिहिलं ते एप्रिल-मे २०२१ मध्ये. त्याच मे महिन्यात १३ तारखेला सीडीसीने लसवंतांना मास्क उतरवायला सांगितलं आणि विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार पसरल्यावर २७ जुलैला जास्त प्रादुर्भावाच्या भागांत पुन्हा लावायला. कापडी सगळ्यात कमी आणि एन९५ सगळ्यात जास्त संरक्षण देतो, ही उतरंड सीडीसीच्या सल्ल्यात १४ जानेवारी २०२२ ला लेखी आली. पुरावा बदलला की सल्ला बदलावा, यात गैर काही नाही. पण रेस्पिरेटर, म्हणजे एन९५सारखा घट्ट बसणारा मास्क, जास्त गाळतो हे २०२० मध्येही माहीत होतं. तुटवडा संपल्यावर ते सांगायला इतका उशीर का, या टीकेला उत्तर नाही.

कॉक्रेन ही वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून तपासणारी संस्था. तिच्या २०२३ च्या जानेवारीतल्या आढाव्यावरून मास्क निरुपयोगी ठरले अशी हाकाटी झाली. आढाव्यात एकत्र केलेल्या चाचण्यांत बऱ्याच जणांनी मास्क नीट लावलेच नव्हते, म्हणून निष्कर्ष अनिर्णित होता. मास्क चालत नाहीत असा अर्थ काढणं चूक आहे, असा खुलासा कॉक्रेनच्या मुख्य संपादकांनाच मार्चमध्ये करावा लागला.

गर्दीच्या बंद खोलीत, रुग्णाची शुश्रूषा करताना, वय किंवा आजारामुळे धोका जास्त असेल तर नीट बसणारा एन९५ किंवा एफएफपी२. थोड्या वेळाच्या कामाला गाठ मारलेला सर्जिकल पुरतो. दोन वर्षांखालच्या मुलांना कुठलाच नको, जागतिक आरोग्य संघटना पाच वर्षांपर्यंत सक्ती नको म्हणते. जुनी पेटी कपाटात पडली असेल तर तारीख बघाच, पण पट्टा ताणूनही बघा: तो परत आखडला नाही, किंवा नाकाखालचा फोम चुरा होऊन हाताला लागला, तर आतली गाळणी शाबूत असली तरी तो मास्क टाकून द्या.