यावलजवळची गावरान कोंबडी: चव उत्तम, खुराड्याकडे लक्ष हवे

सातपुड्याच्या पायथ्याशी, यावल तालुक्यात, एक कुटुंब परसात पाळलेल्या गावरान कोंबड्या आणि अंडी विकते, आणि गेले ३ महिने आम्ही तेथूनच घेत आहोत. बलक गडद असतो, काळ्या मसाल्याचा रस्सा कळण्याच्या भाकरीबरोबर उत्तम जमतो. दर बाजारापेक्षा अधिक असला तरी खटकत नाही.

खटकली ती गोचीड. दुसऱ्या खेपेच्या कोंबडीच्या पंखाखाली, पिसे बाजूला सारल्यावर, बारीक निळसर-काळे दाणे कातडीला चिकटलेले दिसले. ती ‘अर्गास पर्सिकस’ या गोचिडीची पिल्ले असावीत. वाढलेली गोचीड मात्र दिवसा लाकडाच्या फटीत दडते आणि रात्री रक्त पिते, त्यामुळे विकत घेणाऱ्याला ती सहसा दिसतच नाही. तिच्यामुळे कोंबड्यांना स्पायरोकीटोसिस होतो. तो पक्ष्यांचा आजार आहे, आणि नीट शिजवलेल्या मांसातून तो आपल्याला होईल ही घरच्यांची भीती अनाठायी होती. स्वयंपाकघरात खरी काळजी साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूची घ्यावी, म्हणजे मांस आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअसला शिजवावे आणि कच्च्या मांसाची सुरी कोशिंबिरीला लावू नये.

मालकीणबाईंनी तक्रार शांतपणे ऐकून भिंतीच्या फटी बुजवल्या. बसण्याचा जुना, चिरा पडलेला दांडा मात्र अजून तसाच आहे, आणि गोचीड उपाशी राहूनही कित्येक महिने जगते. तूर्त अंडी तेथूनच घेऊ. कोंबडी दांडा बदलल्यावर.