निसरड्या उतारावरून होडी सुखरूप सोडणारी खाडीकाठची एक सेवा

कोकणात वाशिष्ठी नदीच्या खाडीकाठी एक छोटे खासगी यार्ड आहे. ज्यांच्या स्वतःच्या लहान होड्या आहेत, त्यांना ते होडी पाण्यात सोडून देते, वर काढून देते आणि पावसाळ्यात ती छपराखाली ठेवून घेते. माझी १८ फुटी फायबर होडी गेले काही हंगाम तिथेच असते. दर होडीच्या लांबीवर ठरतो, आणि सोडण्याचे व काढण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. गावातली चार माणसे गोळा करून होडी ढकलण्यापेक्षा हे महाग पडते, तरीही ज्याला शेवाळलेल्या काँक्रीटची ओळख आहे अशा प्रत्येकाला मी या सेवेची शिफारस करीन. त्याचे कारण असे, की येथील माणसे उताराच्या बुळबुळीत पट्ट्याला आणि पाण्याच्या वेळेला कामातली मुख्य गोष्ट मानतात.

किनाऱ्यावरच्या कोणत्याही उताराचे तीन भाग पडतात. भरतीच्या रेषेवरचा भाग कोरडा असतो आणि ओहोटीच्या रेषेखालचा कायम पाण्यात असतो. धोका असतो तो मधल्या पट्ट्यात, जो दिवसातून दोनदा भिजतो, दोनदा उघडा पडतो आणि म्हणूनच ज्यावर हिरवे शेवाळ दाट धरते. आपल्या भागात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो. उतार आठास एक या प्रमाणात असेल, तर हा पट्टा १६ मीटरांच्या पुढे जातो. सुकल्यासारखा दिसला तरी त्याच्या वरच्या पापुद्र्याखाली ओल राहते, आणि पाय किंवा चाक तिथेच सुटते. या यार्डाचा उतार साधारण याच प्रमाणात आहे. त्यावर काँक्रीट ओले असतानाच तिरप्या खाचा पाडलेल्या असल्याने पाणी बाजूला निथळते आणि टायरला धरायला कड मिळते. शेवाळ ते ओहोटीच्या वेळी तारेच्या ब्रशने आणि दाबाच्या पाण्याने खरवडून काढतात. मोरचूद किंवा ब्लीचिंग पावडर टाकत नाहीत. खाडीतल्या माशांसाठी आणि कालवांसाठी हे योग्यच आहे, शिवाय पावडरीने शेवाळ मेले तरी त्याचा चिकट थर दगडावर राहतोच.

वेळेच्या बाबतीत त्यांचा काटेकोरपणा पहिल्यांदा जाणाऱ्याला थोडा जाचक वाटेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते हा जुना हिशेब कोकणात बहुतेकांना ठाऊक आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. यार्डात भरतीचे छापील कोष्टकही लावलेले आहे, आणि होडी सोडायची ती पूर्ण भरतीच्या तास-दीड तास आधी, पाणी चढते असतानाच, असा त्यांचा नियम आहे. चढत्या पाण्यात ट्रेलर, म्हणजे होडी वाहून नेणारा चाकांचा गाडा, अडकला तर थोड्या वेळाने पाणीच होडी उचलून देते. उतरत्या पाण्यात अडकला तर होडी काँक्रीटवर बसते आणि पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. त्यात आणखी एक बारकावा आहे, जो मला इतर कोठेही कोणी सांगितला नव्हता. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत सर्वांत कमी फरक असण्याच्या, दिवसांत भरतीचे पाणी उताराच्या वरच्या भागापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे होडी तरंगवण्यासाठी ट्रेलर अधिक खाली, म्हणजे नेमका शेवाळाच्या दाट भागात न्यावा लागतो. म्हणून अष्टमी-नवमीच्या आसपास ते जड होड्या घेत नाहीत, आणि एखाद्या गिऱ्हाईकाने घाई केली तरी बधत नाहीत.

प्रत्यक्ष काम पाहण्यासारखे असते. ट्रॅक्टर वर कोरड्या जागेत उभा राहतो, त्याची चारही चाके लाकडी ठोकळ्यांनी अडवतात, आणि ट्रेलर विंचच्या, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, तारेवर सावकाश खाली सोडतात. म्हणजे ज्या वाहनावर सगळा भार तोलायचा ते शेवाळावर येतच नाही. तारेवर मध्यभागी ओले गोणपाट टाकलेले असते, जेणेकरून तार तुटली तरी तिचा फटका कमी बसावा, आणि तारेच्या रेषेत किंवा ट्रेलरच्या मागे कोणालाही उभे राहू देत नाहीत. आपली जीप घेऊन स्वतः होडी उतरवणाऱ्यांनी यातून शिकण्यासारखे बरेच आहे. मागची चाके शेवाळावर गेली की हँडब्रेकचा उपयोग राहत नाही, कारण चाक फिरत नसले तरी गाडी घसरतेच. असे स्वतः करावेच लागले, तर चालकाने सीटबेल्ट सोडून आणि काचा खाली करून गाडी मागे घ्यावी, म्हणजे गाडी पाण्यात गेलीच तरी बाहेर पडता येते. बरोबरची माणसे गाडीतून आधीच उतरलेली असावीत.

सगळ्यात मोलाचा मला त्यांचा क्रम वाटतो. चिपळूणकडून ट्रेलर ओढत आणला की चाकांचे हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, तापलेले असतात. ते गार होईपर्यंत ट्रेलर वरच थांबवतात, कारण गरम हब एकदम पाण्यात गेला तर खारे पाणी आत ओढले जाऊन बेअरिंग गंजते. या थांब्यात तळाचे बूच बसवले आहे का ते पाहतात, इंजिन वर उचललेले ठेवतात, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढतात आणि मागचे बांधलेले पट्टे सोडतात. नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, लावलेला विंचचा पट्टा आणि साखळी मात्र शेवटपर्यंत राहते. एका नवख्या मालकाने ती वरच सोडायला हात घातला, तेव्हा तिथल्या तांडेलांनी, म्हणजे कामावरच्या म्होरक्यांनी, त्याला थांबवले: "दादा, पट्टा आत्ता नाय सोडायचा. होडी तरंगू दे आधी." दुसऱ्या एका धक्क्यावर पट्टा आधी सोडल्यामुळे होडी रोलरवरून घरंगळून काँक्रीटवर आपटलेली मी पाहिली आहे. तळाला तडा गेला. मागे कोणी नव्हते, एवढेच त्यात बरे झाले. निसरड्या उतारावर ट्रेलर थोडा जरी हिसका खाऊन थांबला, तरी न बांधलेली होडी थांबत नाही.

उताराच्या उजव्या कडेला कमरेच्या उंचीवर जाड दोर बांधलेला आहे, आणि खाली जाणारा प्रत्येक जण एक हात त्यावर ठेवूनच चालतो. पायांत जाड लोकरी नमद्याच्या तळव्याचे बूट देतात. बाजारात मिळणारे पीव्हीसीचे गमबूट शेवाळावर अजिबात टिकत नाहीत, आणि अनवाणी उतरणाऱ्याचा तळवा कालवांच्या धारेने फाटतो. नमद्याचा तळवा चिखलात तितका उपयोगी नाही, पण काँक्रीटवरच्या शेवाळावर त्याच्यासारखी पकड मी तरी दुसऱ्या कशाची पाहिलेली नाही.

आता उणिवा. दोर एकाच बाजूला आहे. डाव्या बाजूने होडी धरणाऱ्या माणसाला आधार राहत नाही, आणि वारा नैर्ऋत्येकडून असला की होडीला त्याच बाजूने धरावे लागते. उतार पाण्याखाली जिथे संपतो तिथे कडेचे काँक्रीट तुटले आहे. ट्रेलरचे चाक त्या खड्ड्यात उतरले तर आस वाकू शकतो. ही जागा दाखवणारा बांबू रोवलेला असतो, पण भरतीत तो जवळजवळ बुडतो. याहून मला खटकते ते हे, की मालकाला लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत चढू देत नाहीत, पण छातीभर पाण्यात उभी राहणारी त्यांची स्वतःची माणसे जॅकेटशिवाय असतात. पोहणे उत्तम येत असले तरी घसरताना डोके काँक्रीटवर आपटले तर पोहण्याचा उपयोग होत नाही. अशा कामाला ५० न्यूटनचे (न्यूटन हे तरंगवण्याच्या ताकदीचे माप) जॅकेट पुरत नाही, कारण ते बेशुद्ध माणसाला उताणे करून त्याचे तोंड पाण्यावर ठेवत नाही; किमान १०० न्यूटनचे हवे. होडीतून खाडीच्या तोंडापर्यंत जाणाऱ्यांनीही याहून कमी घेऊ नये. मी हे व्यवस्थापकांना दोनदा सांगितले आहे आणि पुढेही सांगत राहीन.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यार्ड होड्या फक्त ठेवून घेते, उतार बंद असतो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास सर्वांनाच एकदम होडी सोडायची असते, आणि तेव्हाच पावसाळाभर वाढलेले शेवाळ सर्वांत दाट असते. त्या आठवड्यात नोंदणी करण्याआधी उतार खरवडून झाला आहे का हे फोनवर विचारावे, आणि नाही असे उत्तर आले तर पुढच्या उधाणाची, म्हणजे अमावास्येच्या आसपासची तारीख मागून घ्यावी.