रिकामी वाळूपोती सहा महिने वापरून: आधी बूड बघा

पोतं घेताना सगळे तोंड बघतात. बूड बघायला हवं. मेच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पावसाचं पाणी अडवायला आणि वजन ठेवायला तीन तऱ्हेची पोती वापरात होती: विकतची 14 × 26 इंची विणलेली प्लास्टिकची, गवंड्याकडची सिमेंटची आणि किंतानाची, म्हणजे तागाची. पायरीशी, पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) तोंडाशी, लाकडांवरच्या ताडपत्रीवर. पाऊस चालू असताना विकतची जी पोती गेली, त्यांतल्या बहुतेकांचं कापड धड होतं. उसवलं ते बूड.

तांदळाच्या पोत्याचा नेमका दोरा सापडला की शिवण सर्रकन निघते, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तोच एकदोरी साखळीटाका या पोत्यांच्या बुडाला मारलेला असतो. तोंडाला तो सोयीचा, कारण तिथे उघडायचंच असतं. बुडावर पंधरा-सोळा किलो ओली वाळू बसते. शिवणीच्या टोकाला सुटा राहिलेला दोरा म्हणजे तिचं शेपूट; त्याची गाठ चिऱ्यावर घासून सुटली की पूर्ण शिवण चालू लागते, आणि पोतं उचलावं तर वाळू खाली, हातात नुसतं नळकांडं.

म्हणून गठ्ठा घेण्याआधी एक पोतं उलटं करून बघा. बूड एकदा तरी दुमडून मग शिवलेलं हवं, दोनदा दुमडलेलं असेल तर उत्तम. नुसत्या कापलेल्या काठावर टाका असेल तर विणीतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या टाक्यातून निसटतात, दोरा शाबूत राहूनही भोक पडतं. टाका दोनदोरी हवा आणि शिवणीचं शेपूट काठाबाहेर इंच-दीड इंच लोंबतं हवं. ते दोन्ही टोकांनी नखाने ओढून पाहा. सरसर निघालं तर दुकानदाराचा पुढचा शब्द ऐकू नका. तोंडाचा काठ गरम पात्याने कापलेला असला की हाताला कडक लागतो आणि सुटत नाही. जाहिरातीत मिरवतात ती बांधायची दोरी मात्र फुकटची हौस आहे, कारण बांधासाठी रचायची पोती बांधायचीच नसतात.

खराब गठ्ठा गळ्यात पडलाच असेल तर शेपटाला गाठ मारा, शिवणीच्या अर्धा इंच वर दाभणाने नायलॉन दोऱ्याची दुसरी ओळ घाला आणि पोतं उलटं करून भरा, म्हणजे शिवण आत जाते व घासत नाही. पोत्यामागे पाचेक मिनिटं. शंभर पोत्यांना आठ तास! एवढ्या मजुरीत चांगला गठ्ठा आला असता.

भरायचं अर्ध्यापेक्षा थोडं जास्त, दोन तृतीयांशाच्या पुढे नाही. दहा लिटरची एक बादली वाळू हे सोपं माप. कोरडी असली तर साधारण सोळा किलो. या मापाने एका ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत, पावणेतीनशेच्या आसपास पोती होतात, सांडलवंड धरून अडीचशे. गच्च भरलेलं पोतं गोल होतं आणि दोन गोलांमधून पाणी खुशाल वाहतं. सिमेंटच्या पोत्याची हीच गंमत आहे: त्यात पस्तीसेक लिटर माल बसतो, वाळूने भरलं की पन्नास किलोंच्या वर जातं, एकट्याने हलत नाही.

पोतं आडवं टाका, रिकामं तोंड खाली दुमडा, दुमड पाण्याच्या येत्या बाजूला. पुढच्या पोत्याचं बूड त्या दुमडीवर थोडं चढू द्या. पायाने किंवा धुमसाने चेपा. दुसरा थर चिऱ्यांसारखा सांधे मोडून. फूटभर उंचीला तळ दोन ते तीन फूट हवा, आणि अशा दहा फुटांना साठ-सत्तर पोती लागतात. पाण्याच्या बाजूने प्लास्टिक कागद सैल सोडा, ताणलात तर पाण्याच्या दाबाने फाटतो. खालची कड पुढे पसरून तिच्यावर एक ओळ ठेवा. पाखाडीवरून येणाऱ्या लोंढ्याला आडवी भिंत घालू नये, तिरकी घालून गटाराकडे वळवावा. शेजाऱ्याच्या खळ्यात वळवलात तर पोत्यांचा प्रश्न मिटतो, दुसरा सुरू होतो.

मर्यादा सांगून ठेवतो. दोन फुटांवरच्या पाण्याला घरगुती पोत्यांचा भरवसा धरू नये. 22 जुलै 2021 ला चिपळुणात शिरलं तसलं पाणी हे पोत्यांचं कामच नव्हे. पत्र्यावर पोती ठेवण्याचंही तेच. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळासारख्या वाऱ्यात सोळा किलो म्हणजे काहीच नाही. ओल्या पोत्याखाली पत्रा गंजतो तो वेगळाच. तिथे हूक-बोल्टच हवेत. खाडीकाठच्या घरात उधाणाला न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटं येतं. तिथे मात्र जाड प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं एकच पोतं भोकावर दाबून ठेवलं तरी बराच फरक पडतो.

आत काय भरावं? नदीची जाडी वाळू किंवा क्रशरची बारीक खडी. लाल माती विणीतून पाझरते, पोतं महिन्यात निम्मं होतं आणि ओटी रंगते. चिरेखाणीतला भुगा थोडा बरा, पण डाग तोही पाडतो. किनाऱ्यावरची वाळू उपसायला सीआरझेडच्या, म्हणजे किनारपट्टी संरक्षणाच्या, नियमांनी बंदी आहे, आणि तिच्यातलं मीठ ओल धरून ठेवतं, लोखंड खातं. युरियाच्या पोत्याला आतून प्लास्टिक असलं तर ते काढा, नाहीतर पाणी निथळत नाही. लॅमिनेशनवाली पोती एकमेकांवरून घसरतात.

पावसात टिकलेलं पोतं ऑक्टोबरच्या उन्हात जातं. साधी पांढरी सिमेंटची पोती ऊन लागल्यावर बोटाने दाबली तरी पापडासारखी तुटतात आणि त्यांची कुसळं अंगणभर होतात. ऊन सोसणारा माल हवा असेल तर पावतीवर तसं लिहून घ्या. काळा किंवा हिरवा रंग म्हणजे पुरावा नव्हे.

इथे मेमधलं मत बदलतो. किंतान तेव्हा बाद ठरवलं होतं, आणि पायरीशी ते गणपतीपर्यंत कुजलंही. पण परड्यातल्या कापलेल्या उतारावर माती-शेणखत भरून रचलेल्या किंतानात वाळ्याचे ठोंब लावले, तिथे पोतं कुजेपर्यंत मुळांनी माती धरली. प्लास्टिकला हे जमत नाही. फक्त लाकडी खांबाला किंतान टेकवू नका, वाळवी चढते.

सिमेंटच्या पोत्यांनाही एक काम उत्तम जमतं: पऱ्ह्यावरचा (ओढ्यावरचा) वनराई बंधारा. पाऊस संपल्यावर वाहतं पाणी अडवायचं, एकच हंगाम, बराचसा भाग पाण्यात किंवा झाडांच्या सावलीत, त्यामुळे ऊन कमी लागतं. गवंड्याला आधीच सांगा, कारण तो पोतं मधोमध कापतो आणि मग ते कशाच्याच कामाचं राहत नाही.

पोती हलवताना हात खाली घालू नका. फुरसं आणि विंचू दोघांनाही ही जागा फार आवडते. लांब दांड्याच्या खोऱ्याने पलीकडची कड आपल्याकडे उलथा, म्हणजे पोतं आपल्या आणि त्यांच्या मध्ये राहतं. रिकामी पोती धुऊन सावलीत वाळवा, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करून उंदीर पोचणार नाहीत असे दोरीने टांगा. बुडं बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे पुढच्या मेमध्ये गठ्ठा न सोडता शिवण तपासता येते.