बर्मा साग घ्यावा की घाना?

सांगलीत विश्रामबागला माझ्या मावसभावाचं घर स्लॅबपर्यंत आलंय आणि चौकटींपाशी घोडं अडलंय. वखारवाल्यानं दोन साग दाखवले, 'बर्मा' आणि 'घाना'. घनफुटाच्या भावात एवढं अंतर की त्यानं रात्रीच मला फोन केला.

जात दोन्हीची एकच. फरक वयाचा आणि वाटेचा.

बर्मा सागापायी आख्खं राज्य गेलंय. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा सागाच्या ठेक्यावरून थिबा राजाशी वाद झाला, ते निमित्त धरून 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाला रत्नागिरीला आणून ठेवलं. शाळेच्या सहलीत आपण पाहिलेल्या थिबा राजवाड्याचं मूळ ते. तिकडची जुनी पद्धत अशी, की उभ्या झाडाची बुंध्याशी साल गोल काढायची, दोन-तीन वर्षं ते जागेवरच वाळू द्यायचं, मग तोडून हत्तींनी ओढत नदीत सोडायचं. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून हा खटाटोप. झाडं जंगलातली, जुनाट. गाभा जाड, तेल भरपूर.

थायलंडनं 1989 मध्ये जंगलतोड बंद केली आणि तिथले ठेकेदार सीमा ओलांडून बर्मात शिरले. एप्रिल 2014 पासून म्यानमारनं ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. तोवर त्या ओंडक्यांचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक भारतच. आता निघतो तो कापीव माल. 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर अमेरिका आणि युरोपनं निर्बंध घातले. त्यामुळे वखारीत 'बर्मा' म्हणून सांगतात ते पुष्कळदा गाव नसतं, दर्जा असतो.

घानाचं उलटं. पूर्वी तिथून युरोपला ओडुम, महोगनी असं जंगली लाकूड जायचं. जंगल विरळ झालं, तेव्हा 1995 मध्ये जंगली झाडांचे ओंडके निर्यातीला बंद केले, पण लागवडीच्या सागाला वाट मोकळी राहिली. टेमा आणि टाकोराडी बंदरांतून तो भारताकडे येतो. झाड कोवळं तोडलेलं, म्हणून गाठी जास्त, लांबी कमी आणि कडेचा पांढरट भागही जास्त. वाळवी आधी तोच धरते.

आमच्या गावभागातल्या घरात 2019 ला पुराचं पाणी शिरलं. फ्लश डोअर फुगून उकललं, ते टाकून दिलं. आजोबांच्या वेळची सागाची चौकट चिखल धुतल्यावर पुन्हा पहिल्यासारखी. म्हणून खालच्या मजल्यावर काटकसर करू नये या मताचा मी. तरी त्यासाठी बर्माच्या नावाला पैसे मोजावेत, असंही नाही.

मावसभावाला सांगितलं : आतल्या खोल्यांच्या चौकटी घानाच्या घे, फक्त गाभ्याच्या, पांढरी कड आलेली फळी बाजूला काढायला लाव. मुख्य दाराला मिरजेत किंवा वाईत एखादा वाडा उतरतोय का बघ; तिथली तुळई चिरून घेतलीस तर खरं जुनं लाकूड हाती लागेल. खिळे निघतील, सुतार कुरकुरेल, मजुरी वाढवून मागेल. दे. आणि वखारीत गेलास की फळीचं टोक तुझ्यासमोर रंधून दाखवायला सांग, कारण बाहेरून फासलेल्या तेलाखाली सगळेच साग बर्मा दिसतात.