डबा, पुडी की साधी गोळी? व्हिटॅमिन घेण्याआधी हे बघा

परवा माझी मावसबहीण मिरजेहून आली ती पिशवी घेऊनच, आणि सगळं टेबलावर ओतलं. ओळखीतल्या एका बाईंनी गळ्यात मारलेला मल्टीव्हिटॅमिन पावडरचा मोठा डबा, कॅल्शियमच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रिपा, व्हिटॅमिन डीच्या पुड्या, केसांसाठीच्या गोळ्या, आणि लोहाची एक महागडी स्ट्रिप. वय ४२, थायरॉईडची गोळी सात वर्षं चालू, हिमोग्लोबिन ९.४, व्हिटॅमिन डी १३, दोन्ही कमी. म्हणाली, अगं सगळं घेतेय तरी जिना चढताना धाप लागतेय, यातलं ठेवू काय आणि टाकू काय ते सांग. मी सांगलीत मेडिकलच्या काउंटरला उभी असते, हाच प्रश्न मला रोज कुणीतरी विचारतं आणि मागे रांग असल्यामुळे नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

आधी डबा की गोळी

डब्यावर तीस नावं असतात, म्हणून वाटतं की यात सगळंच आलं. पण नावाच्या पुढचा आकडा वाचा. तिच्या डब्यात लोह होतं एका मापाला ८ मिलिग्रॅम. ज्याचं हिमोग्लोबिन ९ वर आलंय त्याला डॉक्टर रोज ६० ते १०० मिलिग्रॅम लोह देतात, मग ८ नं काय होणार? आणि त्याच मापात कॅल्शियम आणि झिंकसुद्धा, जे लोहाच्या शोषणाच्या आड येतात. म्हणजे कमतरता भरून काढायला डबा कमी पडतो, आणि ज्याला कमतरता नाही त्याला तो लागतच नाही. वयस्कर माणूस जेवतच नाही, किंवा पोटाचं ऑपरेशन झालंय, अशा वेळी डॉक्टर मल्टीव्हिटॅमिन देतात ते वेगळं.

अजून एक फरक लेबलवरच दिसतो पण कुणी बघत नाही. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, १४ आकडी लायसन्स नंबर असतो आणि 'हेल्थ सप्लिमेंट' लिहिलेलं असतं, सोबत औषध म्हणून वापरायचं नाही अशी ओळसुद्धा असते, कारण कायद्यानं ते अन्न आहे. औषधाच्या स्ट्रिपवर औषध बनवण्याचं लायसन्स असतं आणि नावापुढे बऱ्याचदा 'आयपी' असतं, म्हणजे इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या सरकारी दर्जा-पुस्तकाप्रमाणे. 'याने सांधेदुखी बरी होते, शुगर जाते' असं डबा विकणारा सांगत असेल तर तो डब्यावरच्याच ओळीच्या विरुद्ध बोलतोय. माझं मत सरळ आहे, रिपोर्टमध्ये जे कमी आलंय तेवढंच, एकेकटं, औषधाच्या स्ट्रिपमधून घ्या. जनऔषधी केंद्रात तर ते आणखी स्वस्त पडतं.

लोह: सरकारी लाल गोळी की महागडी स्ट्रिप

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून जरा सविस्तर. आशाताई किंवा आरोग्य केंद्रातून मिळते ती लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. २०१८ पासूनच्या अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर बाईला ती रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या १० ते १९ च्या मुलामुलींना निळी, आठवड्याला एक. मेडिकलमध्ये जास्त खपते ती फेरस अॅस्कॉर्बेट, बहुतेक १०० मिलिग्रॅम लोह आणि १.५ मिलिग्रॅम फॉलिक अॅसिड. पोटाला थोडी हलकी पडते असं बरेच जण सांगतात, ते मी नाकारत नाही. पण 'सरकारी गोळीत दम नाही' हे खरं नाही. रक्त वाढवण्याचं काम दोन्ही करतात, फक्त गोळी पोटात जायला पाहिजे, आणि मळमळ किंवा काळी शी बघून लोक आठव्या दिवशी बंद करतात तिथे सगळं अडतं. शी काळी होणार, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, थोडं शोषण कमी होईल पण बंद करण्यापेक्षा बरं. काही डॉक्टर एक दिवसाआड द्यायला लागलेत कारण एक डोस घेतला की शरीर दुसऱ्या दिवशी लोह कमी ओढतं, पण गरोदरपणी हा बदल आपल्या मनानं करू नका.

चहाबरोबर मात्र अजिबात नाही. आपल्याकडे सकाळची गोळी म्हणजे चहाच, आणि चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा चालतो, क जीवनसत्त्वाने उलट मदत होते. आणि तासगावच्या माणसांनी रागावू नका, पण बेदाणे खाऊन ९ चं हिमोग्लोबिन १२ होत नाही, मूठभर बेदाण्यात जेमतेम एखादा मिलिग्रॅम लोह असतं. खा, चांगलेच आहेत, पण गोळीच्या जागी नको.

हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की लगेच बंद नको, साठा भरायला साधारण तीन महिने अजून लागतात. आणि घेऊनही वाढतच नसेल तर फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासा, कारण थॅलेसेमिया मायनर या जन्मजात दोषामध्येही हिमोग्लोबिन कमी दिसतं आणि तिथे लोह ओतून उपयोग नाही. पाळीत अंगावरून जास्त जात असेल किंवा मूळव्याधीचं रक्त जात असेल तर आधी ते बघायला पाहिजे, माझ्या बहिणीनं ते दोन वर्षं कुणाला सांगितलंच नव्हतं.

डी: आठवड्याची पुडी की रोजची गोळी

पुडीत ६०,००० युनिट असतात. ही आठवड्याला एक असते, बहुतेक डॉक्टर आठ आठवडे देतात आणि मग महिन्याला एक किंवा रोजची १००० च्या आसपासची गोळी. दिवसाची साधी गरज ६०० युनिट आणि आपल्या मनानं घ्यायची वरची मर्यादा ४००० धरतात, त्यावरून अंदाज घ्या की पुडी किती मोठी आहे. एका काकांनी ती रोज एक अशी सव्वा महिना घेतली होती, चिठ्ठीवरचं अक्षर घरात कुणाला लागलं नाही. उलट्या, सारखी तहान, बोलण्यात गोंधळ, शेवटी अॅडमिट करून रक्तात वाढलेलं कॅल्शियम उतरवावं लागलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, म्हणून जास्तीचं लवकर उतरत नाही.

तुलना विचाराल तर विसरभोळ्या माणसाला आठवड्याची पुडी सोयीची, फक्त वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. ज्यांच्या घरी औषधं दुसरं कुणी देतं, किंवा ज्यांना मुतखडा, किडनीचा त्रास आहे, त्यांच्यासाठी मला रोजची छोटी गोळी जास्त सुरक्षित वाटते, चुकली तरी चूक छोटी राहते. दोन्ही दुधाबरोबर किंवा जेवणानंतर. आणि कोवळ्या उन्हात बसून डी मिळतं हे आपण लहानपणापासून ऐकलंय, पण ज्या किरणांनी डी तयार होतं ते दुपारच्या आसपासच्या उन्हात जास्त असतात आणि खिडकीच्या काचेतून तर येतच नाहीत.

कॅल्शियम: कार्बोनेट की सायट्रेट

कार्बोनेट स्वस्त आणि त्यात ४० टक्के खरं कॅल्शियम, म्हणून १२५० च्या गोळीत ५००. सायट्रेटमध्ये २१ टक्केच, म्हणून '१०००' वाचून फसू नका, त्यात कॅल्शियम २१० च आहे. कार्बोनेटला पोटातलं अॅसिड लागतं म्हणून जेवणाबरोबर घ्यायचं, सायट्रेट कधीही चालतं. अॅसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर सायट्रेट, नसेल तर कार्बोनेट, एवढंच. एका वेळी ५०० पेक्षा जास्त नको, शोषलं जात नाही. पण त्याआधी ताट बघा, १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, वर दूध, दही, तीळ. मोठ्या माणसाला दिवसाला १००० लागतं, त्यातलं बरंच घरातच निघतं आणि जेवणातल्या कॅल्शियमनं मुतखड्याची भीती गोळीइतकी नाही.

बी १२

गोळी की इंजेक्शन, तर हातापायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं असं काही असेल किंवा रिपोर्ट फारच खाली असेल तर इंजेक्शनच, वेळ घालवू नका. नाहीतर १५०० मायक्रोग्रॅमची गोळी बहुतेकांना पुरते. मोठ्या डोसमधला साधारण एक टक्का आतड्यातून आपोआप शोषला जातो, म्हणजे १५, आणि रोजची गरज दोन-अडीचच आहे. शाकाहारी, शुगरसाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि वर्षानुवर्षं अॅसिडिटीची गोळी खाणारे, यांनी तपासून घ्याच. नुसतं फॉलिक अॅसिड घेऊन हिमोग्लोबिन सुधारतं आणि बी १२ ची कमतरता झाकली जाते, नसा मात्र आत बिघडत राहतात.

बहिणीच्या टेबलावर परत

तिची खरी अडचण सापडली ती वेळेत. सकाळी सातला थायरॉईडची गोळी, कॅल्शियम, लोह, सगळं एकदम, वर चहा. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच अडवतात, चार तासांचं अंतर लागतं, म्हणून गोळी चालू असूनही टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा, तो वर म्हणजे गोळी कमी पडतेय) वर आणि डोस मात्र दोनदा वाढवलेला. केसांच्या गोळीत बायोटिन हे एक ब जीवनसत्त्व होतं, ते मोठ्या डोसमध्ये असेल तर थायरॉईडचा रिपोर्टच चुकीचा येऊ शकतो, म्हणून तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद ठेवायचं. आणि डी तीन ठिकाणाहून जात होतं, डब्यातून, कॅल्शियमच्या गोळीतून आणि पुडीतून.

डॉक्टरांना दाखवून आता असं ठरलंय: सकाळी उपाशीपोटी फक्त थायरॉईड, साध्या पाण्याबरोबर, चहा तासाभरानं. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, एकाच कंपनीचं. लोह रात्री लिंबू-पाण्याबरोबर. पुडी रविवारी दुधातून. डबा आणि केसांच्या गोळ्या बंद. लोहाची स्ट्रिप कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कारण घरात चार वर्षांचा मुलगा आहे आणि त्या लाल गोड दिसणाऱ्या गोळ्या एवढ्याशा पोरानं मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे अंगावरून जाण्याचं दाखवायला बुधवारी जाणार आहे, मी सोबत जातेय. टीएसएच पुन्हा सहा आठवड्यांनी.